एजोब, झूफा, इसोप आणि पानओवा

हिसॉप नावाचं एक छोटंसं झुडूप आहे. तुळस-पुदिन्याच्या कुळातलं, दीड-दोन फूट उंचीचं, बारीक लांबट पानांचं आणि निळ्या-जांभळ्या फुलांचं. बाल्कनीत बेसिल, रोझमेरी, थाईम असं सगळं लावून झालेली मंडळी पुढची पायरी म्हणून हल्ली याच्याकडे वळतात. बियांची पाकिटं ऑनलाइन मिळतात आणि त्यांवर बरेचदा 'बायबलमधली पवित्र वनस्पती' छापाचं काहीतरी लिहिलेलं असतं.

हे वाक्य बहुतेक चूक आहे. पण ते कसं चुकलं याची गोष्ट दोन हजारांहून जास्त वर्षांची आहे आणि तिचे दोन-तीन धागे थेट आमच्या उरण-द्रोणागिरीच्या आसपास येऊन पोचतात. शिवाय प्रश्न नुसता पांडित्याचा नाही. ज्या वनस्पतीचा आपण चहा करून पिणार, ती नेमकी कोणती हे माहीत असलेलं बरं. नाही का?

हनुमानाचा प्रॉब्लेम

सुरुवात आमच्या डोंगरापासूनच करू. नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला सिडकोचा द्रोणागिरी नोड आहे. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल सुरू झाली आणि द्रोणागिरी हे स्टेशनचंही नाव झालं. मूळ नाव मात्र उरणजवळच्या करंजाच्या डोंगराचं. इथली लोककथा अशी, की हनुमान औषधींचा पर्वत घेऊन लंकेकडे उडत असताना त्याचा एक तुकडा खाली पडला, तोच हा डोंगर.

आता ही गोष्ट जरा इंजिनिअरच्या नजरेनं बघा. वाल्मीकी रामायणात चार औषधींची नावं दिलेली आहेत: मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सुवर्णकरणी आणि संधानी. म्हणजे रिक्वायरमेंट अगदी स्पष्ट होती. पण डोंगरावर पोचल्यावर नेमकी कुठली वनस्पती म्हणजे कुठलं नाव, हे काही कळेना. नाव हातात आहे आणि वस्तू समोर आहे, पण दोघांना जोडणारी ओळख नाही. मग हनुमानानं सर्वांत सुरक्षित मार्ग निवडला. अख्खा डेटाबेसच उचलून आणला!

गंमत म्हणजे तो प्रश्न अजून सुटलेला नाही. २००९ मध्ये बंगळूरच्या के. एन. गणेशय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात संजीवनी म्हणजे कोणती वनस्पती याची पद्धतशीर छाननी केली. शेवटच्या यादीत उरलेल्या मोजक्या नावांत एक होतं रुदंती. खाऱ्या जमिनीत वाढणारी, उरणच्या मिठागरांकडे शोभून दिसेल अशी वनस्पती. असो. संजीवनी हा आजचा विषय नाही. पण हिसॉपची गोष्टही अशीच आहे. फरक इतकाच की तिथे डोंगर उचलून आणणारा कोणी भेटला नाही, त्यामुळे लोक नुसतं नावच घेऊन उडत राहिले.

एजोब

हिब्रू बायबलात 'एजोव' नावाची एक वनस्पती वारंवार येते. इजिप्तमधून सुटकेच्या रात्री इस्राएली लोकांना आज्ञा होते, की एजोवची जुडी कोकराच्या रक्तात बुडवून दाराच्या चौकटीला लावा. कुष्ठरोग्याच्या शुद्धीकरणात एजोव लागतो, लाल कालवडीच्या राखेच्या विधीतही लागतो. राजा सॉलोमन लेबनॉनच्या गंधसरूपासून भिंतीतून उगवणाऱ्या एजोवपर्यंत सगळ्या झाडांविषयी बोलत असे, असंही म्हटलंय. म्हणजे वनस्पती लहान असणार, दगडा-भिंतीच्या फटीत उगवणारी, जुडी करून पाणी शिंपडता येईल अशी.

इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियात या ग्रंथांचं ग्रीक भाषांतर सुरू झालं. 'एजोव'ला काय म्हणायचं? ग्रीकमध्ये 'हिसोपोस' असा सारख्या आवाजाचा शब्द होता (तोही बहुधा मुळात तिकडूनच आलेला). तो ठेवून दिला. त्यावरून लॅटिन, लॅटिनवरून युरोपातल्या सगळ्या भाषा. आणि युरोपात 'हिसॉप' म्हणून जे झुडूप बागेत लावत असत, तीच बायबलमधली वनस्पती असं सगळ्यांनी धरून चाललं. १७५३ मध्ये लिनियसनं तिला 'हिसोपस ऑफिसिनालिस' असं शास्त्रीय नाव देऊन शिक्कामोर्तब केलं.

अडचण एकच. हिसोपस ऑफिसिनालिस पॅलेस्टाइनच्या प्रदेशात जंगली उगवतच नाही.

मग एजोव कोणता? याचं उत्तर अरबी बोलणाऱ्या ज्यू पंडितांना माहीत होतं. दहाव्या शतकात सादिया गाओननं बायबलचं अरबी भाषांतर करताना एजोवला सरळ 'झातर' म्हटलं. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीजचंही तेच मत. झातर म्हणजे ओरिगॅनम सिरियाकम, आपल्या ओळखीच्या ओरेगानोचा सख्खा भाऊ. आजचे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञही याच बाजूचे आहेत. म्हणजे पिझ्झासोबत आलेल्या ज्या पुड्या तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये साठल्या आहेत ना, त्या बायबलच्या एजोवच्या जास्त जवळच्या आहेत. हिसॉपचं महागडं पाकीट लांबचं. :-)

त्याहून भारी गोष्ट मिश्नामध्ये आहे. मिश्ना म्हणजे इसवीसन २०० च्या सुमारास संकलित झालेला ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ. त्यात विधीला कोणता एजोव चालेल हे सांगताना म्हटलंय, की ग्रीक एजोव चालणार नाही, रोमन चालणार नाही, निळा चालणार नाही, रानातला चालणार नाही. थोडक्यात, ज्याच्या नावाला विशेषण लागलंय तो बाद. नावांचा गोंधळ तेव्हाच किती झाला असेल पाहा! आणि नियम किती नेटका. तो आजही लागू पडतो. बाजारात 'अनीस हिसॉप' मिळतो, तो वेगळ्याच प्रजातीचा, मूळ उत्तर अमेरिकेतला. आणि 'वॉटर हिसॉप' म्हणजे तर चक्क आपली नीरब्राह्मी!

कोकणात शब्द आला, झाड आलं नाही

करंजाच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे रेवस दिसतं. तिथून पुढे अलिबाग, किहीम, नवगाव. हा बेने इस्राएल लोकांचा मूळ मुलूख. त्यांची आख्यायिका अशी, की पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे ते कोकणात तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' झाले आणि गावांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावं लावू लागले. अलिबागचं सिनेगॉग १८४८ चं, इकडे पनवेलचं १८४९ चं.

याच समाजातल्या हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला (तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला). ग्रंथ नसताना काय काय टिकलं हे बघणं फार रंजक आहे. सण टिकले, पण नावं बदलली. वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाखच्या सणाला जुने बेने इस्राएल 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. आणि या सणाची त्यांच्यातली एक जुनी प्रथा नोंदवलेली आहे. बकऱ्याच्या किंवा मेंढीच्या रक्तात पंजा बुडवून त्याचा ठसा कागदावर उमटवायचा आणि तो कागद दारावर लावायचा.

मूळ आज्ञा आठवा: एजोवची जुडी रक्तात बुडवा आणि चौकटीला लावा. कोकणात एजोव नाही. ग्रंथही नाही. पण दार आहे, रक्त आहे आणि सण आहे. जुडीचं काम हातानं केलं. हाताच्या पंजाचं चिन्ह पश्चिम आशियातही शुभ मानतात आणि दाराला हाताचे ठसे उमटवणं आपल्याकडेही आहे, त्यामुळे याचं मूळ नेमकं एकच असं सांगता येत नाही. तरी मला व्यक्तिशः असं वाटतं, की झाड गेलं आणि कृती राहिली याचं इतकं सुंदर उदाहरण दुसरं मिळणार नाही.

दुसरी वाट पोर्तुगिजांची. १५३४ च्या तहानंतर वसई आणि आजूबाजूचा मुलूख त्यांच्याकडे गेला. करंजाही त्यांचंच झालं. द्रोणागिरीच्या डोंगरावर त्यांनी किल्ला आणि चर्च बांधलं, त्याचे अवशेष आजही वर चढून गेलं की दिसतात. वसईच्या मोहिमेत (१७३७-३९) मराठ्यांनी हा भाग घेतला आणि १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. म्हणजे या डोंगरावर साधारण दोनशे वर्षं पोर्तुगीज होते.

कॅथलिक प्रार्थनेत पवित्र पाणी शिंपडताना लॅटिनमधून जे स्तोत्र म्हणत, त्यात हिसॉपचं नाव येतं. मूळ एजोवच तो. आणि ज्या उपकरणानं पाणी शिंपडतात, दांड्याला भोकाभोकांचा धातूचा गोळा असलेलं ते, त्याला पोर्तुगीज भाषेत नावच आहे 'इसोप'. म्हणजे झाडाचं नाव झाडाला सोडून त्याच्या कामाला चिकटलं आणि पुढे त्या कामाच्या धातूच्या यंत्राला! द्रोणागिरीच्या चर्चमध्ये दोनशे वर्षं 'इसोप' वापरात असणार. त्यात पान मात्र एकही नव्हतं.

मराठी बायबल भाषांतरकारांपुढे हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात आला. त्यांनी हिब्रूवरून 'एजोब' हा शब्दच ठेवला. हा मला प्रामाणिक मार्ग वाटतो. तुळस किंवा पुदिना लिहून टाकणं सोपं होतं. पण माहीत नसलेल्या वस्तूला ओळखीचं नाव देण्यापेक्षा अनोळखी नाव जसंच्या तसं ठेवलं, तर निदान वाचणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी वेगळं आहे.

झूफा : दोन वस्तू, एक नाव

तिसरी वाट युनानी वैद्यकाची, आणि खरा धोका इथे आहे.

ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसनं पहिल्या शतकात औषधींवर मोठा ग्रंथ लिहिला. हिसोपोसच्या बाबतीत त्यानं झाडाचं वर्णनच केलं नाही. का? तर ते सगळ्यांना माहीतच आहे म्हणून! 'हे तर ऑब्व्हियस आहे, डॉक्युमेंटेशन कशाला' म्हणणारा सहकारी तुमच्याही टीममध्ये असेल. त्याची परंपरा किती जुनी आहे ते लक्षात घ्या.

याच ग्रंथात 'ओइसिपोस' नावाचा दुसरा पदार्थ आहे. तो म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबी, आजच्या लॅनोलिनची पणजी. हिसोपोस आणि ओइसिपोस. उच्चार इतके जवळ की अरबीत जाताना दोघांनाही 'झूफा' हेच नाव पडलं. मग फरक करण्यासाठी वनस्पतीला झूफा-ए-याबिस म्हणजे कोरडा झूफा आणि चरबीला झूफा-ए-रतब म्हणजे ओला झूफा म्हणू लागले. एक झाड आणि एक मेंढी, दोघांचं व्हेरिएबल एकच! युनानी ग्रंथांत ही जोडी अजून आहे.

आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात 'झूफा' मागितला तर खोकल्या-कफासाठी म्हणून वाळलेल्या काड्या-पानांची पुडी मिळते. शरबत-ए-झूफा मुरक्कब हे युनानीतलं जुनं, नाव कमावलेलं औषध आहे. पण त्या पुडीत कोणती वनस्पती? पश्चिम हिमालयाच्या थंड उंचीवर खरा हिसोपस उगवतो, त्यामुळे तो असू शकतो. पण झूफा नावानं नेपेटा नावाच्या वेगळ्या प्रजातीच्या वनस्पतीही सर्रास विकल्या जातात.

यानं काय फरक पडतो? पडतो. हिसोपस ऑफिसिनालिसच्या तेलात पिनोकॅम्फोन आणि आयसोपिनोकॅम्फोन ही द्रव्यं असतात. हे तेल पोटात गेल्यावर माणसांना आकडी आल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. त्यामुळे फिट्सचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी हिसॉपपासून, विशेषतः त्याच्या तेलापासून, लांबच राहावं. झातर, नेपेटा, नीरब्राह्मी यांची रसायनं वेगळी आणि त्यांचे नियम वेगळे. इंटरनेटवर 'हिसॉपचे दहा फायदे' वाचताना ते कोणत्या हिसॉपचे, हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. दोन हजार वर्षांपूर्वीचा घोळ आपल्या कपातल्या काढ्यापर्यंत येतो तो असा.

द्रोणागिरीत हिसॉप लावायचा तर

एवढं ऐकूनही लावायचाच असेल तर जरूर लावा, झाड सुंदर आहे. फक्त त्याचा स्वभाव ओळखा. हा भूमध्य समुद्राकडचा, कोरड्या चुनखडीच्या उतारांवर वाढणारा गडी. त्याला भरपूर ऊन, निचरा होणारी माती आणि थंडी आवडते. आपल्याकडे काय आहे? खाडीची खारी माती, वर मुरुमाचा भराव, दमट हवा आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. म्हणजे जमिनीत नको, कुंडीतच.

पाऊस पूर्ण गेल्यावर, ऑक्टोबर अखेरीस बी पेरावं. बी बारीक असतं, अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल घालू नये. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. मातीत निम्म्याच्या आसपास जाड रेती, थोडं कंपोस्ट आणि चिमूटभर चुना. कुंडीखाली ताटली ठेवून पाणी साठवू नका. वरचा इंचभर थर कोरडा झाल्यावरच पाणी द्या. रोप हातभर झालं की शेंडे खुडा म्हणजे फांद्या फुटतील. खरी परीक्षा जूनमध्ये. आडोशाला, वारा खेळता राहील अशा जागी ठेवलं तर वाचेल, नाहीतर मुळं कुजतील. मी म्हणेन, याला आपल्या हवेत हिवाळी पाहुणा समजा. चार-सहा महिने राहिला तरी पुष्कळ. इथे फुलांची फार आशा धरू नये.

वापर बेतानं. चव पुदिना, कापूर आणि थोडा कडवटपणा यांच्या मधली. चार-पाच कोवळी पानं बारीक चिरून मसूरच्या सूपमध्ये किंवा बटाट्यावर छान लागतात. तेल आणून प्रयोग अजिबात करू नका.

आणि कुंडीतला खरा नातेवाईक

आता शेवटची गंमत. झातरचा वास ज्यांच्यामुळे येतो ती मुख्य द्रव्यं म्हणजे कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल. हीच दोन द्रव्यं आणखी एका झाडात असतात आणि ते झाड आपल्याकडच्या निम्म्या बाल्कन्यांत आधीच आहे. जाड, लुसलुशीत, लव असलेल्या पानांचा पानओवा! ज्याची भजी करतात, ज्याचा रस मधातून पोरांना खोकल्यावर देतात, तोच.

आणि त्याचंही नाव बघा. पानओवा हा ओवा नाहीच. मसाल्याच्या डब्यातला ओवा जिऱ्या-बडीशेपेच्या कुळातला, पानओवा तुळशीच्या. दोघांत थायमॉल असल्यामुळे वास सारखा आणि वासावरून नाव सारखं. पोर्तुगीज मिशनरी आणि निसर्गशास्त्रज्ञ लुरेरू यानं १७९० मध्ये इंडोनेशियातल्या आंबोन बेटावरून त्याला 'अंबॉयनिकस' केलं. इंग्रजीत कोणी त्याला क्यूबन ओरेगानो म्हणतं, कोणी स्पॅनिश थाईम, कोणी इंडियन बोरेज. पुन्हा सगळी विशेषणं! मिश्नाकारांनी कपाळावर हात मारला असता.

पण वासाच्या न्यायानं पाहिलं तर बायबलच्या एजोवच्या जवळ हिसॉपपेक्षा हा पानओवाच आहे. लावायला अक्कल लागत नाही. चार-पाच इंचाची फांदी खोचा, दहा-पंधरा दिवसांत मुळं धरते. अर्धं ऊन चालतं. फक्त पाणी जास्त झालं की कुजतो.

झातर हे पॅलेस्टाइन-लेबनॉनकडच्या न्याहारीतल्या मिश्रणाचंही नाव आहे: वाळलेली पानं, तीळ, सुमाक आणि मीठ, ऑलिव्ह तेलात कालवून रोटीशी. तिथे जंगलातून याची एवढी तोड होत असे की इस्राएलनं १९७७ मध्ये ही वनस्पती संरक्षित जाहीर केली. आपण त्याचा कोकणी भाऊ करून बघू शकतो. भाजलेले तीळ, त्याच्या पाव प्रमाणात भरडलेला ओवा, सुमाकच्या आंबटपणाच्या जागी कडक वाळलेल्या आमसुलाची पूड, आणि मीठ. हवी असल्यास वर ती ड्रॉवरमधली ओरेगानोची पुडी. तेल घालून गरम भाकरीशी खा. त्याला झातर म्हणू नका मात्र. तिळाची चटणीच म्हणा, नाहीतर आणखी एका घोळाचे आपण जनक व्हायचो.

सांगायचा मुद्दा एवढाच. नावं प्रवास करतात, झाडं मागे राहतात आणि माणसं हाताशी असेल त्यानं काम भागवतात. बेने इस्राएलांनी हातानं भागवलं, पोर्तुगिजांनी धातूच्या गोळ्यानं, अत्तारांनी नेपेटानं. काम भागवण्यात काहीच गैर नाही. पण सण साजरा करताना जे चालतं ते औषध घेताना चालत नाही. तिथे नाव पुरत नाही, झाड ओळखावं लागतं.

म्हणून कुंडीत काहीही लावा, एक पट्टी खोचून ठेवा. तिच्यावर शास्त्रीय नाव, कुठून आणलं ते आणि तारीख. आणि खाली आजी त्या झाडाला काय म्हणते तेही. पहिली ओळ झाड ओळखायला आणि शेवटची त्याची गोष्ट कळायला. आजीच्या डोक्यातलं डॉक्युमेंटेशनही अजून कुठे लिहिलेलं नाही. या वीकांताला तेवढं करून टाका.